गर्दुल्ल्याच्या हातावरचे दहा रुपये

संध्याकाळी दादरच्या पुलावर इतकी गर्दी असते की चालणाऱ्याला आपला वेगही स्वतः ठरवता येत नाही. अशा वेळी कठड्याला टेकून एखादा माणूस बसलेला दिसतो. वय तिशीचं, पण दिसतो पन्नाशीचा. घोट्याच्या वर जखम, तिच्यावर कधीतरी बांधलेली आणि आता काळी पडलेली पट्टी. पन्नी तापवून तापवून बोटांची टोकं भाजलेली. तो हात पुढे करतो आणि समोरून जाणाऱ्याच्या मनात एक खटला उभा राहतो. हातपाय धडधाकट दिसतात, मग काम का करत नाही? खरंच उपाशी आहे का? पैसे दिले तर खाईल की ओढेल? जिना येईपर्यंत निकाल लागलेला असतो : काही देऊ नये, हा गर्दुल्ला आहे.

हा शब्द मुंबईचा. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर शहरात पसरली, तिला ‘गर्द’ म्हणू लागले आणि ती ओढणारा गर्दुल्ला झाला. अनिल अवचटांनी ‘गर्द’ या लेखनातून ही दुनिया मराठी वाचकासमोर आणली. ते वाचून हेलावलेले पु. ल. देशपांडे पुढे आले आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. व्यसन हा आजार आहे, ते नुसतं वाईट वळण नव्हे, ही गोष्ट मराठी घरांनी गेल्या चार दशकांत बरीचशी पचवली. पण ती घरातल्या व्यसनीपुरतीच. तोच आजार छप्पर नसलेल्या माणसाला झाला की तो पुन्हा गुन्हा ठरतो. पैसे द्यावेत की नाहीत हा वाद खरा या जागी सुरू होतो.

देऊ नयेत म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. तिचे मुद्दे चार. पहिला, दिलेला पैसा पुडीत किंवा बाटलीत जातो, म्हणजे देणारा त्या विषाचा भागीदार होतो. दुसरा, पैशाची वाट बंद झाली की व्यसन आपोआप सुटेल. तिसरा, द्यायचंच तर वडापाव द्यावा, पैसे कशाला? चौथा, भीक मागणं बेकायदा आहे आणि हे काम सरकारचं आहे. या चारही मुद्द्यांच्या मागे ‘सत्पात्री दान’ ही आपली जुनी कल्पना उभी आहे : दान योग्य पात्रात पडावं, नाहीतर देणाऱ्याच्याच माथी दोष येतो.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करायला हवं. ज्याला गर्दची सवय आहे त्याच्या हाती पैसा आला की त्यातला काही पुडीत जाणारच. याला आकडेवारीचा आधारही आहे. कार्लोस डॉब्किन आणि स्टीव्हन पुलर या अर्थशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या सरकारी भत्त्याच्या आणि रुग्णालयांच्या नोंदी ताडून पाहिल्या. महिन्याच्या सुरुवातीला भत्ता हाती पडला की पुढच्या काही दिवसांत अमली पदार्थांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या उसळते, असं त्यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं. रोख मदतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा पुरावा झाकून ठेवू नये. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या ज्या प्रयोगाचा ते वारंवार दाखला देतात, तोही जपून द्यायला हवा. तिथे पन्नास बेघरांना प्रत्येकी साडेसात हजार डॉलर एकरकमी दिले गेले. दारू-सिगारेटवरचा खर्च वाढला नाही आणि रस्त्यावर काढलेले दिवस घटले, हे खरं. पण गंभीर व्यसन असलेल्यांना त्या प्रयोगातून आधीच वगळलं होतं. तेव्हा पुलावरच्या माणसाविषयी तो प्रयोग फारसं काही सांगत नाही.

मात्र कॅलिफोर्नियातली ती उसळी महिन्याचा सगळा पैसा एकदम हाती आल्याची आहे. पुलावर पडणारं दहाचं नाणं त्या जातीचं नाही. दहा रुपयांनी व्यसन जडत नाही आणि दहा रुपये नाकारल्याने ते सुटतही नाही. त्या माणसाचा रोजचा खर्च भंगार वेचून, बाटल्या विकून, हमाली करून, कधी चोरी करून भागतच असतो. एका वाटसरूने हात आखडता घेतला की तो पुढच्याकडे वळतो, किंवा आणखी धोक्याची वाट धरतो.

दुसरा मुद्दा सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत घातकही. पैसा आटला की व्यसन सुटतं असं मानणाऱ्यांनी यवतमाळ जिल्ह्यातलं वणी आठवावं. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीमुळे दारूची दुकानं बंद होती. दारू मिळत नव्हती, सवय मात्र जागीच होती. तिथे सॅनिटायझर पिऊन सात जणांचा जीव गेला. पिण्याची वाट बंद झाल्यावर ती माणसं पिणं सोडून घरी बसली नाहीत, अधिक जहाल वाटेला गेली.

यामागे शरीराचा धर्म आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की काही तासांत हात थरथरू लागतात. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात. वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस दगावू शकतो. गर्दची तलफ सहसा जीव घेत नाही, पण रस्त्यावरची माणसं जिला ‘टर्की’ म्हणतात ती अवस्था सोसणाऱ्याला मरण बरं वाटायला लावते : हाडं ठणकतात, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात, झोप येत नाही. पुडी महागली, मिळेनाशी झाली, की तोच माणूस सुईकडे वळतो, कारण शिरेत टोचलं तर थोडक्यात भागतं. सुई एकट्याची नसते आणि तिच्यातून एचआयव्हीही एकाकडून दुसऱ्याकडे जातो. इस्पितळात, औषधांच्या आधाराने व्यसन तोडणं हा उपचार आहे. तेच फुटपाथवर, रिकाम्या खिशाने आणि एकट्याने तोडायला लावणं याला उपचार म्हणता येणार नाही.

तिसरा मुद्दा दयाळू माणसं मांडतात, म्हणून त्याला हळुवारपणे उत्तर द्यायला हवं. भुकेल्याला अन्न देणं चांगलंच आहे. पण मोठ्या देवळांबाहेर, दर्ग्यांबाहेर वाराच्या दिवशी खिचडीची, पुरीभाजीची इतकी पाकिटं येतात की एका माणसाच्या वाट्याला चार पडतात. ती ठेवायला त्याच्याकडे ना डबा असतो ना फळी, संध्याकाळी आंबतात. अन्नाने जे भागत नाही ते मात्र कुणी देत नाही. सार्वजनिक शौचालयात जायला आणि अंघोळीला पैसे लागतात. फुटपाथवरच्या न्हाव्याकडे दाढी करायला पैसे लागतात आणि दाढी वाढलेल्या, वास येणाऱ्या माणसाला नाक्यावर कुणी कामाला उचलत नाही. जखमेवरची पट्टी बदलायला लागतात, तुटलेल्या चपलेला टाका घालायला लागतात. असलाच मोबाइल तर टपरीवर चार्ज करायला लागतात. यातलं आज काय हवं हे त्यालाच माहीत असतं. आपल्या हातचा वडापाव त्याने घेतला नाही म्हणून तो ढोंगी ठरत नाही. दिवसातला तो कितवा वडापाव आहे, हे देणाऱ्याला ठाऊक नसतं एवढंच.

चौथा मुद्दा कायद्याचा. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ सालचा. भीक मागणाऱ्याला पोलिसांनी विनावॉरंट उचलावं, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवावं, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत, अशी त्यात सोय आहे. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये भीक मागणं गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं घटनाबाह्य ठरवली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला. दारिद्र्य हे भीक मागण्याचं कारण आहे आणि याकडे उच्चभ्रू नजरेने पाहता येणार नाही, अशी त्या वेळी न्यायालयाची भूमिका होती. शिवाय साठ वर्षं या कायद्याने माणसं उचलून चेंबूरच्या भिक्षेकरीगृहात नेली, तरी पूल रिकामे झाले नाहीत.

आणि सरकारचं काम सरकारने करावं म्हणणाऱ्यांनी हिशेब पुरता मांडावा. दारूवरच्या उत्पादन शुल्कातून महाराष्ट्र शासनाच्या तिजोरीत वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये येतात. पुलावरच्या माणसाला दिलेल्या दहा रुपयांचं काय झालं याची एवढी चौकशी करणाऱ्या समाजाने, त्या वीस हजार कोटींतले किती व्यसनमुक्तीकडे परत जातात, हेही तितक्याच कडक आवाजात विचारायला हवं.

‘सत्पात्री दाना’ला मराठी मातीतूनच उत्तर आहे. गाडगेबाबांइतकं दारूवर तुटून पडणारा दुसरा कीर्तनकार महाराष्ट्रात शोधावा लागेल. पण त्याच बाबांनी लोकांकडून पै-पैसा गोळा करून धर्मशाळा उभ्या केल्या आणि बेघराला आसरा, रोग्याला औषध, बेकाराला रोजगार यालाच धर्म म्हटलं. त्यांचा राग दारूवर होता. म्हणून पिणाऱ्याला दारातून हाकलून द्यावं, असं त्यांच्या कामातून कुठेच निघत नाही.

एका ठिकाणी मात्र हात आवरायलाच हवा. स्टेशनाबाहेर रुमालात सोल्युशन किंवा व्हाइटनर घेऊन हुंगणारी मुलं दिसतात. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आढळलं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेली ही एकच नशा. मोठ्या माणसाला आपलं बरंवाईट ठरवण्याचा हक्क असतो, तो नऊ वर्षांच्या मुलावर टाकता येत नाही. शिवाय मुलाच्या हातचा पैसा बहुतेकदा त्याच्याजवळ राहत नाही, दांडगा कुणीतरी तो काढून घेतो. तिथे १०९८ हा मुलांसाठीचा नंबर फिरवावा आणि कुणी येईपर्यंत पाच मिनिटं मुलाशेजारी थांबावं.

मोठ्यांच्या बाबतीत काय करावं, याचा एक चांगला धडा लंडनमध्ये मिळाला. २००९ मध्ये तिथल्या ‘ब्रॉडवे’ संस्थेने शहराच्या व्यापारी भागात वर्षानुवर्षं रस्त्यावर झोपणाऱ्या पंधरा जणांना निवडलं. त्यातले काही तर चाळीस वर्षांहून अधिक काळ बाहेर होते आणि आजवरची सगळी मदत त्यांनी झिडकारली होती. या वेळी त्यांना विचारलं गेलं, ‘तुम्हाला काय हवं आहे?’ प्रत्येकामागे तीन हजार पौंडांपर्यंत खर्चाची तयारी होती. तेरा जणांनी होकार दिला. वर्षभरात त्यातले सात जण छपराखाली राहायला गेले, आणखी दोघं त्या वाटेवर होते. तिथे पैसा होता, पण त्या पैशाबरोबर वारंवार भेटणारा, नावाने हाक मारणारा, घाई न करणारा एक कार्यकर्ताही होता. लेखाचं म्हणणं याच जोडीविषयी आहे : पैसे द्यावेत, आणि त्यांच्याबरोबर माणूसही द्यावा.

महाराष्ट्रात नेमका हा माणूसच कमी पडतो. आपल्याकडचा व्यसनमुक्तीचा सगळा डोलारा कुटुंबावर उभा आहे. बायको नवऱ्याला घेऊन येते, आई पोराला घेऊन येते. मुक्तांगणात व्यसनींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गटच आहे, आणि त्याचा उपयोग हजारो संसारांना झाला. पुलावरच्या माणसाला कोण घेऊन येणार? अर्जावर नातेवाईक म्हणून सही कोण करणार? एम्सच्या त्याच पाहणीनुसार दारूच्या विळख्यातल्या अडतीस जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतात ते एकशे ऐंशींतल्या एकाला. ही स्थिती सगळ्यांची. आधार कार्ड नसलेल्याचा नंबर यात कुठे लागत असेल, ते सांगायला नको.

आणि तरीही कायदा त्याच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित आजार येतात. त्याच्या अठराव्या कलमानुसार निराधार आणि बेघर व्यक्तीला हा उपचार मोफत मिळायला हवा, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. प्रौढ रुग्ण स्वतःहून दाखल होऊ मागत असेल, तर नातेवाइकाच्या संमतीची अटही हा कायदा घालत नाही. ‘सोबत कोण आहे?’ असं विचारून त्याला परत पाठवणाऱ्या खिडकीसमोर त्याच्या बाजूने बोलायला कुणी उभं राहिलं, तर ते दहा रुपयांपेक्षा कितीतरी मोठं दान होईल. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत नंबर प्रत्येक प्रवाशाच्या मोबाइलमध्ये असायला हरकत नाही.

हे काम कसं दिसतं ते मुंबईतच पाहायला मिळतं. फादर जो परेरांनी १९८१ मध्ये वांद्र्यातून सुरू केलेलं कृपा फाउंडेशन या क्षेत्रात जुनंजाणतं आहे. ‘संकल्प’सारखी संस्था थेट रस्त्यावरच्या सुई टोचणाऱ्यांमध्ये जाते, जखमा धुते, नव्या सुया देते, आधी व्यसन सोड असं दटावत नाही. गर्द सुटण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देणारी केंद्रं आहेत. ती गोळी महिन्याची पुडी बांधून हाती मिळत नाही. परिचारिकेसमोर जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत थांबायचं, उद्या पुन्हा यायचं. रोज. दिवस चुकला की टर्की सुरू होते आणि टर्की सुरू झाली की पुडीवाला केंद्रापेक्षा जवळ असतो.

मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं दहा रुपये झालं आहे. पुलावरच्या त्या माणसाने कधी ठरवलं की उद्या सकाळी केंद्रावर जायचं, तर लंगडत्या पायाने तिथवर पोचायला त्याला एवढेच पैसे लागतील. ते त्याच्याजवळ असतील की नाहीत, हे आज संध्याकाळी पुलावरून जाणाऱ्यांवर अवलंबून आहे.