कोपऱ्यातली सही

"दादा, सही नका ना करू. इन्स्टाला टाकायचंय."

पुण्यातल्या एका कॉमिक मेळ्यात माझ्या टेबलासमोरचा मुलगा म्हणाला. वीस मिनिटं खपून मी त्याला बॅटमॅन काढून दिला होता, त्याच्याच दुचाकीवर बसून पावसात भिजणारा. पैसे त्याने कुरकुर न करता दिले. मी तरीही सही केली. कोपऱ्यात, बारीक. तो तोंड पाडून गेला.

घासाघीस मला समजते. मी भिवापूरचा, मिरचीच्या बाजारात वाढलेलं पोट्टं भाव करणाऱ्यावर रागावत नाही. पण आमच्या त्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, ते कशासाठी? 'भिवापुरी' हे नाव काढलं की पोत्यात नुसती लाल मिरची उरते. मग कुठलीही चालते.

सुप्पंडी तुम्हाला ठाऊक आहे. तो पहिल्यांदा कागदावर उतरवणारे राम वाईरकर? नागराज ठाऊक आहे. पुण्याचे प्रताप मुळीक? त्यांच्याच गावात उभं राहून तुम्ही मला म्हणता, सही नको.

बॅटमॅन माझा नाही, कबूल. पण तो पाऊस माझा आहे, दुचाकीचा वाकडा आरसाही माझाच. बिनसहीचं चित्र हवं असेल तर फोनमध्ये एआय आहे की. दोन ओळी टाका, फुकट मिळेल. माझ्यासमोर रांगेत कशाला ताटकळता?

रात्री मेळ्याच्या हॅशटॅगवर तो बॅटमॅन दिसला. भरपूर लाइक होते. उजवा कोपरा कापलेला.