गोळी देणं वेगळं, गोळी लिहिणं वेगळं

उपकेंद्रातल्या सिस्टरनी दादींना बीपीच्या महिनाभराच्या गोळ्या दिल्या. डॉक्टर तर तिथे नव्हतेच. मग त्या गोळ्या घ्यायच्या की नाही? भगिनींनो, हा प्रश्न आता बऱ्याच घरांत पडतो, कारण जिथे डॉक्टर रोज पोचत नाहीत तिथे औषधाचा बराचसा कारभार नर्सच्या हाती आला आहे. काही घरांत उत्तर आधीच ठरलेलं असतं, "नर्स म्हणजे काही डॉक्टर नव्हे." आणि तीच घरं मेडिकलमधून बिनचिठ्ठीची गुडघेदुखीची गोळी आणून दादींना खुशाल देतात!

आम्हाला वाटतं, प्रश्न जरा निराळा विचारावा. सिस्टरनी औषध दिलं ते कोणत्या मर्यादेत दिलं, आणि काही अडलं तर त्यांना डॉक्टर गाठता येतात का?

याच प्रश्नावर अमेरिकेत पन्नास वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून नर्सेससाठी पुढचं शिक्षण सुरू केलं. अशा शिक्षणातून तयार झालेल्या 'नर्स प्रॅक्टिशनर' रुग्ण तपासतात, निदान करतात आणि औषधही लिहून देतात. मात्र त्यांच्यावर डॉक्टरची देखरेख किती, याचा नियम राज्याराज्यात निराळा. टेक्सासमध्ये डॉक्टरशी लेखी करार झाल्याशिवाय नर्सला औषध लिहिता येत नाही. न्यूयॉर्कने ३६०० तासांहून जास्त काम केलेल्या नर्सला या लेखी करारातून मोकळं केलं. कॅलिफोर्नियाने २०२० साली केलेल्या कायद्यात पायऱ्याच आखल्या आहेत : आधी तीन वर्षं किंवा ४६०० तास अनुभव, मग डॉक्टर असलेल्या दवाखान्यात स्वतःच्या जबाबदारीवर काम, आणि तिथे आणखी तीन वर्षं काढल्यावर पूर्ण स्वतंत्र दवाखाना.

यातला तासांचा हिशेब आम्हाला पटतो. हात बसायला वेळ लागतो, मग तो डॉक्टरचा असो की नर्सचा. नुसत्या सहीचा हिशेब मात्र पटत नाही. करारावर सही करणारा डॉक्टर दुसऱ्याच गावी, रुग्णाला त्याने कधी पाहिलेलं नाही, महिन्याकाठी थोडे केसपेपर चाळतो आणि त्या सहीपोटी नर्सकडून फी घेतो, असेही प्रकार तिथे चालतात. रुग्णाला त्या सहीचा काय उपयोग? डॉक्टरांच्या संघटना म्हणतात की देखरेख काढली तर रुग्णाला धोका. ही भीती अगदीच पोकळ नाही, कारण एकाच वेळी चार आजार असलेल्या माणसाची औषधं जुळवणं हे वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचं काम आहे. पण २००० साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्याच नियतकालिकात न्यूयॉर्कमधला एक अभ्यास छापून आला. त्यात १३१६ रुग्ण काही डॉक्टरांकडे, काही नर्स प्रॅक्टिशनरकडे असे वाटून दिले होते. सहा महिन्यांनी दोन्हीकडच्या रुग्णांच्या तब्येतीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. सहा महिने हा काळ थोडा, हे खरं. तरी नेहमीच्या दुखण्यांपुरतं शिकलेली नर्स कमी पडत नाही, एवढं त्यावरून म्हणता येतं.

आता आपल्याकडे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये 'समुदाय आरोग्य प्रदाता' अशी सोय आहे. त्याला प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांपुरती, ठरवून दिलेली औषधं स्वतः लिहिता येतील. त्यापलीकडची फक्त नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. या कायद्याविरुद्ध डॉक्टरांनी ३१ जुलै २०१९ रोजी देशभर संप केला होता, आणि हे कलम त्यांच्या रागाचं एक मोठं कारण होतं.

उपकेंद्रातल्या ज्या सिस्टरना आपण 'सीएचओ मॅडम' म्हणतो, त्यांचं पद या कलमातून आलेलं नाही, हे ध्यानात ठेवा. ते आयुष्मान भारत योजनेतून आलं. नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पदवी घेतलेल्यांना सहा महिन्यांचं जादा शिक्षण देऊन या पदावर नेमलं जाऊ लागलं. मैदानी भागात साधारण ५००० आणि डोंगराळ, आदिवासी भागात ३००० वस्तीमागे एक उपकेंद्र, असा सरकारी हिशेब आहे. बीपी-शुगरच्या बाबतीत कामाची वाटणी साधी आहे. उपचार सुरू करायचे, गोळी आणि डोस ठरवायचा तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी. पुढे दर महिन्याला बीपी मोजायचं, शुगर बघायची, ठरलेली गोळी द्यायची आणि आकडे बिघडले तर डॉक्टरांना कळवायचं, हे सीएचओंचं काम.

म्हणजे दादींचं बीपी डॉक्टरांनी एकदा पाहिलं असेल आणि सिस्टर तीच गोळी देत असतील, तर ती बिनघोर घ्यावी. समजा ॲम्लोडिपिनने दादींच्या पायांना सूज आली. हे त्या गोळीने होऊ शकतं. सिस्टरनी सूज पाहून डॉक्टरांना फोन लावला, तर देखरेख खरी आहे. "होतं असं वयामुळे" म्हणून तीच पट्टी पुन्हा हातात ठेवली, तर वरती कुणाचीही सही असली तरी ती देखरेख नव्हे.

आपल्या घरांत हे सगळं कसाला लागतं ते रमजानमध्ये. शुगरचा रुग्ण रोजा धरतो तेव्हा खाण्याची वेळ बदलते, म्हणून गोळीची वेळ बदलते, आणि पुष्कळदा डोसही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी नेहमीच्याच मापाने घेऊन दिवसभर उपाशी राहिलं तर शुगर फार खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस बेशुद्धही पडतो. मेटफॉर्मिनने हा धोका कमी. इन्सुलिन घेणाऱ्यांना जास्त. हा डोस बदलणं म्हणजे औषध लिहिणंच झालं. तो अधिकार सिस्टरचा नाही, मेडिकलवाल्याचा नाही, आणि मागच्या वर्षी स्वतःची गोळी अर्धी करून निभावलेल्या शेजारच्या खालाजींचा तर नाहीच नाही.

रोजे धरता येतील की नाही, हेही काहींच्या बाबतीत डॉक्टरांनाच सांगावं लागतं. म्हणून रमजानच्या दीड-दोन महिने आधी उपकेंद्रात जा आणि स्पष्ट सांगा, "अम्मींना रोजे धरायचे आहेत. सहेरीला काय, इफ्तारला काय, हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून द्या." सिस्टर फोन करतील, ई-संजीवनीवर डॉक्टर जोडून देतील, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतील. तिन्ही चालेल. रोज्यात शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा सोडावा, असं मधुमेहाचे तज्ज्ञ सांगतात. हे आकडे त्याच कागदावर लिहून घ्या. बोटाला सुई टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमांचं म्हणणं आहे, तेव्हा घरी मशीन असेल तर दुपारी वापरायला संकोच नको.

आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. गुडघ्याची ती गोळीसुद्धा. अशा बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढतं, आणि ती चालू आहे हे सिस्टरना अजून कुणी सांगितलेलंच नसतं.