संख्येआधीचे विधान

काही बिंदू घेऊन त्यांतील काही जोड्या रेषांनी सांधल्या म्हणजे जी रचना उभी राहते, त्या आलेखाच्या अभ्यासात संख्यांना मान मोठा आहे. रेषा किती, त्रिकोण किती, परस्परांशी सर्वस्वी जोडलेल्या बिंदूंचा मोठ्यात मोठा गट केवढा, शेजारच्या बिंदूंना एक रंग येऊ न देता सर्व रंगवायचे तर कमीत कमी रंग किती, या प्रश्नांची उत्तरे एकेका अंकाने देता येतात आणि अंक हाती आला की विषय आटोपला अशी आपली समजूत होऊन बसते. माझे मत निराळे आहे. तो अंक ज्या विधानाने विचारला जातो, त्या विधानाची घडण अंकाहून अधिक मूलगामी आहे; आणि याचा उत्तम दाखला एका मराठी गणितज्ञाच्या कामात आहे.

शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) यांचे नाव, राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासमवेत लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलरचे अनुमान १९५९ साली खोटे ठरविल्यामुळे जगभर झाले. त्याच वर्षीचा त्यांचा दुसरा एक निबंध मला त्याहून कमी मोलाचा वाटत नाही. चौरस पटाच्या घरांना बिंदू मानून, बुद्धिबळातला हत्ती एका चालीत ज्या दोन घरांमध्ये जाऊ शकतो ती घरे जोडली असता होणारा आलेख काही मोजक्या संख्यांवरून निश्चित ओळखता येतो, अपवाद फक्त चार बाय चारच्या पटाचा, असे त्यांनी त्यात सिद्ध केले. हा अपवाद आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तोही सोळाच घरांवर काढता येतो: प्रत्येक घर वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याशी, तसेच एकाच दिशेच्या कर्णावरील दोन शेजाऱ्यांशी जोडावे, आणि पटाच्या समोरासमोरच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या आहेत असे समजावे.

आता दोन्ही आलेख शेजारी ठेवून मोजदाद करावी. दोहोंत बिंदू १६, रेषा ४८, प्रत्येक बिंदूचे शेजारी ६. कोणतेही दोन बिंदू घेतले, ते जोडलेले असोत वा नसोत, तरी त्यांचे सामाईक शेजारी २. त्रिकोणही दोहोंत ३२. रंगांची किमान संख्याही दोन्हीकडे ४ च. तरीही हे आलेख भिन्न आहेत. कारण एका बिंदूचे सहा शेजारी तेवढे उचलून पाहिले तर हत्तीच्या आलेखात ते दोन सुटे त्रिकोण होतात आणि श्रीखंडे यांच्या आलेखात सहा बाजूंचे एकच कडे होते. म्हणूनच परस्परांशी जोडलेल्या चार बिंदूंचा गट पहिल्यात आठ ठिकाणी सापडतो, दुसऱ्यात एकही नाही.

तर्कशास्त्राच्या अंगाने हा भेद फार बोलका आहे. ज्या भाषेत ‘असे किमान इतके बिंदू आहेत की’ असे म्हणण्याची मुभा आहे, परंतु एका वेळी तीनच बिंदूंना नावे देता येतात, त्या भाषेत या दोन आलेखांना वेगळे करणारे एकही वाक्य लिहिता येत नाही, मग ते कितीही लांबवावे. चौथे नाव मिळताच एका ओळीत काम होते. तर मग चार, पाच किंवा दहा नावांत सर्व आलेखांचा निवाडा व्हावा, अशी आशा कोणासही वाटेल. परंतु काई, फ्यूरर आणि इमरमन यांनी १९९२ च्या निबंधात दाखवून दिले की नावांची कोणतीही ठराविक मर्यादा पुरी पडत नाही, आणि तीही अशा आलेखांबाबत की ज्यांना वेगळे ओळखण्याचे काम संगणक बहुपदी काळात करू शकतो.

सांगण्याची भाषा आणि शोधण्याचे श्रम यांचे नाते दुसऱ्या बाजूने रोनाल्ड फेगिन यांनी १९७४ साली उघड केले. ज्या प्रश्नाच्या होकाराचा पुरावा पुढे ठेवला असता त्याची रुजुवात झटपट घेता येते, तो प्रश्न ‘असा एक संबंध आहे की’ या शब्दांनी आरंभ होऊन पुढे केवळ बिंदूंविषयी बोलणाऱ्या वाक्यात मांडता येतो. आणि असे प्रत्येक वाक्य त्याच जातीचा प्रश्न असते. यंत्राचा अथवा काळाचा उल्लेखही न करता श्रमांची एक संपूर्ण कोटी केवळ व्याकरणाने रेखून द्यावी, ही विसाव्या शतकातील विचाराची मोठी मिळकत आहे असे मी मानतो.

विधान बदलले की श्रम कसे बदलतात, ते मोठ्यात मोठ्या गटाच्या एकाच संख्येवरून पाहावे. ‘दिलेल्या संख्येइतका गट आहे काय’, हा प्रश्न रिचर्ड कार्प यांच्या १९७२ च्या एकवीस कठीण प्रश्नांपैकी एक आहे. परंतु होकार असेल तर तो गट दाखवला की वाद मिटतो. ‘सर्वांत मोठा गट नेमका तेवढाच आहे काय’, असे विचारताच जबाबदारी दुहेरी होते: तेवढा आहे हे दाखवायचे, आणि त्याहून एकानेही मोठा नाही हेही पटवायचे. या दुहेरी प्रश्नांची स्वतंत्र कोटी पापादिमित्रिऊ आणि यानाकाकिस यांनी १९८४ च्या निबंधात मांडली. ‘ती संख्या विषम आहे काय’, असा वरकरणी बालिश वाटणारा प्रश्न तर, १९८७ साली क्लाउस वाग्नर यांनी दाखविल्याप्रमाणे, त्याहीपलीकडच्या कोटीत जाऊन बसतो. आलेख तोच, संख्या तीच. फिरले ते वाक्य.

आमच्या महाविद्यालयांत हा विषय शिकविताना तर्कशास्त्र एका वर्गात आणि गणनाच्या रीती दुसऱ्या वर्गात, अशी जी वाटणी करण्यात येते ती मला घातक वाटते. विद्यार्थ्याला सूत्रे आणि कार्यपद्धती देण्यापूर्वी शिक्षकाने फळ्यावर हे सोळा-सोळा बिंदूंचे दोन आलेख काढावेत, मोजता येईल ते सर्व त्याच्याकडून मोजवून घ्यावे, आणि मग त्यांना वेगळे करणारे लहानात लहान वाक्य त्याला लिहावयास सांगावे. एक तासिका त्याला पुरेल.