मुसाफिर आणि पाहुणा

उर्दूत, मराठीत मुसाफिर म्हणजे प्रवासी. हाच अरबी शब्द तुर्कस्तानात ‘मिसाफिर’ झाला आणि त्याचा अर्थ झाला पाहुणा. दारी अचानक आलेल्याला तिथे ‘तान्री मिसाफिरी’, देवाचा पाहुणा, म्हणतात.

तिथून सायकलवर एकट्याने जाणारा संध्याकाळी पेट्रोल पंपामागे किंवा एखाद्याच्या शेतात तंबू ठोकायची परवानगी मागतो, तेव्हा बहुधा उत्तराआधी चहाच येतो. रमजान असला तर इफ्तारच्या दस्तरखानावर जागाही होते. कुरआनाने मुसाफिराला रोजे पुढे ढकलण्याची सवलत दिली आहे आणि जकातीच्या आठ हक्कदारांत वाटसरूही मोजला आहे.

चौघे असले की आपसातच बोलतात. एकट्याला मात्र पाणी, जागा, रस्ता विचारावाच लागतो, आणि ओळख तिथूनच होते. मोटारीच्या काचा वर करून जाणाऱ्याच्या नशिबी हे नाही. 1963 मध्ये आयर्लंडची डर्व्हला मर्फी एकटी सायकलवरून दिल्लीपर्यंत आली. जवळ पिस्तूल होते, वाटेत वापरावेही लागले. तरी अफगाणिस्तानच्या माणसांवर तिचा जीव जडला.

आपल्याकडेही महागड्या सायकलवरचा गोरा पाहुणा दिसला की लोक कौतुकाने जमतात, सेल्फी काढतात. छानच आहे. पण तसाच तंबू पारध्याच्या कुटुंबाने गावाबाहेर टाकला, की त्याला आपण पाल म्हणतो. तेही मुसाफिरच. तिथे मात्र चहाआधी पोलीसपाटलाकडे निरोप जातो.