पोटाचा प्रश्न आणि मेंदूचा अभ्यास

माणगावातील एखाद्या बौद्ध घरातील मुलगी प्राणिशास्त्राची पदवी घेऊन येते आणि म्हणते, "मेंदू व वर्तन यांच्या संबंधावर मला पीएच.डी. करावयाची आहे." तेव्हा आपण तिला काय उत्तर देतो? "त्यापेक्षा बी.एड. कर आणि नोकरीला लाग." हे उत्तर आपल्याला दारिद्र्याने शिकविले आहे, म्हणून ते क्षम्य आहे, परंतु योग्य नाही.

हे शास्त्र काय शोधते ते पाहा. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मायकेल मीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. ज्या माद्या पिलांना अधिक चाटतात, त्यांची पिले मोठेपणी संकटात कमी बिथरतात, असे त्यांना आढळले. मग त्यांनी पिलांची अदलाबदल केली. तेव्हा पिलांचे वागणे जन्मदात्रीच्या नव्हे, तर सांभाळणाऱ्या मादीच्या वळणावर गेले. उंदरावरून माणसाचा निकाल लावू नये, हे खरेच. परंतु 'गुण जन्माने ठरतात' हे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ऐकविले गेले, त्यांनी या प्रश्नाचा शोध इतरांवर सोपवून स्वस्थ बसावे काय?

माणगाव तालुक्यात लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे विद्यापीठ आहे. पण ते तंत्रशास्त्राचे. या विषयासाठी मुलीला बाहेर पडावेच लागेल. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य बालपणीच्या ताणाचा मेंदूवर होणारा परिणाम अभ्यासतात. २०२२ चे इन्फोसिस पारितोषिक त्यांना लाभले.

आणि पोटाचे काय? सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून संशोधनवृत्ती मिळविणाऱ्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये आणि पहिल्या दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये मिळतात. पुण्याच्या बार्टी संस्थेचीही अधिछात्रवृत्ती आहे. पुढे नोकरीची हमी नाही, हे मुलीपासून लपवू नका. मात्र पाच-सहा वर्षे तिच्या वृत्तीवर साऱ्या घराचा भार टाकू नका आणि लग्नाची घाई करून तिचा अभ्यास अर्ध्यावर तोडू नका.

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या पदव्या आपण अभिमानाने मोजतो. पण त्या काळात मागे राहून रमाबाईंनी हालअपेष्टांत घर सांभाळले, ते किती जण मोजतात? विद्वान एकटा घडत नाही. त्याच्यासाठी एक घर थांबलेले असते. आज तसे थांबण्याची पाळी आपल्या घराची आहे.