मंजुरीचा कागद आणि सप्टेंबरचे वर्ग : समाजकल्याण आयुक्तांस खुले पत्र

मा. आयुक्त, समाजकल्याण आयुक्तालय, पुणे यांस,



राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने २००३ पासून चालत आलेली, आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी परदेशी विद्यापीठांत धाडण्याची तजवीज करणारी आपल्या खात्याची शिष्यवृत्ती ही या राज्याच्या कारभारातील अभिमान वाटावा अशा मोजक्या गोष्टींपैकी एक आहे, हे आरंभीच नमूद करतो. कारण पुढील मजकुरात तक्रारीचा सूर उमटला, तरी ती तक्रार योजनेविरुद्ध नसून तिच्या पंचांगाविरुद्ध आहे.

विलायतेतील विद्यापीठे आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुमारासच अर्ज स्वीकारू लागतात. ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी अनेक अभ्यासक्रमांची मुदत डिसेंबर-जानेवारीतच सरते. वसंतापर्यंत प्रवेशपत्रे हाती पडतात, पाठोपाठ अनामत रकमेचा तगादा येतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात वर्ग भरतात. आपली जाहिरात मात्र अलीकडच्या वर्षांत बहुधा उन्हाळ्यात निघते, आणि अर्जांची छाननी होऊन निवडयादी प्रसिद्ध होईपर्यंत तिकडचे वर्ग भरण्याची वेळ येऊन ठेपलेली, कित्येकदा टळूनही गेलेली असते. या दोन पंचांगांच्या मध्ये व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. शिक्षणशुल्क आणि नऊ महिन्यांपर्यंतच्या निर्वाहाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात शिल्लक असल्याचा पुरावा ब्रिटिश सरकार मागते; सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र सादर केल्यास मात्र त्यातून सूट मिळते. ते पत्रच वेळेवर निघत नसल्यामुळे, ज्याच्यापाशी पैसा नाही म्हणून शासन त्याला पैसा देऊ करते, त्यानेच तो हाती पडेपर्यंत आपण पैसेवाले असल्याचे सिद्ध करावे, असा विलक्षण न्याय या ठिकाणी प्रस्थापित झाला आहे. ज्याचे मामा-काका शहरात नोकरीस आहेत तो ही रक्कम महिन्याभरापुरती उसनी आणून खात्यात ठेवतो. ज्याचे कोणीच नाही तो प्रवेश पुढील वर्षावर ढकलण्याची विनवणी करतो, किंवा तो नाद सोडून देतो.

ज्या इतिहासाचा वारसा ही योजना सांगते, त्याच इतिहासाचे स्मरण येथे करून देणे अप्रस्तुत होणार नाही. १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करारनामा ४ जून रोजी झाला, आणि जुलै सरण्यापूर्वी ते न्यूयॉर्कला पोहोचलेही होते. त्या काळी अमेरिकेला जाणारे विमान नव्हते, संगणक नव्हता, ऑनलाइन अर्ज तर नव्हताच. संस्थानी दप्तराच्या दिरंगाईविषयी आपण आज विनोद करतो, परंतु त्या दप्तराचा कागद बोट सुटण्यापूर्वी निघाला होता. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, तेव्हा ज्यांनी साहाय्याचा हात दिला, ते शाहू महाराजच आपल्या योजनेचे नामधारक आहेत.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळतो. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातील जे चार होते, त्यांत वाशिम होते. वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म ती हीच, हे आम्ही प्रत्येक समारंभात ऐकतो. त्याचा प्रवेशअर्जात काही उपयोग होत नाही. रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील एखाद्या शेतमजुराच्या मुलीने परदेशी जाण्याचे मनात आणले, तर पहिला खर्च इंग्रजीच्या परीक्षेचा. आयईएलटीएसचे शुल्क आज सतरा-अठरा हजार रुपये आहे. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि माल त्याच भावाने विकला गेला असे उदारपणे गृहीत धरले, तरी सुमारे साडेतीन क्विंटल सोयाबीन एका परीक्षेत जाते. त्यानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या अर्जाचे शुल्क, पासपोर्ट, अमरावती विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र. हा सारा खर्च शिष्यवृत्ती मिळण्याच्या आधीचा, म्हणजे मिळालीच नाही तर बुडीत.

पैशाहूनही अवघड वाटतात ती एसओपी (स्वतःविषयीचे निवेदन) आणि एलओआर (प्राध्यापकांचे शिफारसपत्र) या नावांनी मुलांमध्ये ओळखली जाणारी पत्रे. आमच्या महाविद्यालयांतून आजवर जे दाखले दिले गेले, त्यांत विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली असल्याचे एका ओळीत प्रमाणित केलेले असे. तिकडच्या प्राध्यापकाला मात्र या विद्यार्थ्याने कोणता प्रश्न विचारला, कोणते पुस्तक आपणहून वाचले, हे जाणून घ्यायचे असते. आणि स्वतःविषयी लिहिताना तर आमची मुले संकोचाने गप्पच होतात. सकाळी शेतावर राबून दुपारी तासाला बसणे ही सांगण्याजोगी गोष्ट आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा पंजाबराव देशमुख एडिंबरो आणि ऑक्सफर्डपर्यंत गेला, हा वऱ्हाडाचा अभिमान शतकाच्या जवळ जाऊन पोहोचला; पण ती वाट पुढच्यांना समजावून सांगणारे माणूस तालुक्याच्या गावी अद्याप नाही. शेजारच्या लोणार तालुक्यातील पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आले, आणि त्यांची एकलव्य संस्था हे काम मनोभावे करीत आहे. परंतु एका संस्थेच्या खांद्यावर किती जिल्ह्यांचे ओझे टाकावयाचे?

अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर होतो, तत्पूर्वी खर्चाचे अभिवचन कसे द्यावे, असा आक्षेप आपल्या लेखाविभागाकडून येईल याची कल्पना आहे. त्यास उत्तर असे की, जागांची संख्या आधीच ठरलेली आहे, तिच्यात एकाचीही भर घालावी अशी मागणी या पत्रात नाही. निधीच्या अधीन राहून दिलेले तात्पुरते संमतिपत्रही विद्यार्थ्याला अनामतीची मुदत वाढवून मागण्यास उपयोगी पडेल, आणि नव्या आर्थिक वर्षाच्या आरंभीच अंतिम पत्र निघाले तर व्हिसाही वेळेवर होईल.

म्हणून विनंती एवढीच की, येत्या वर्षीची जाहिरात डिसेंबरात काढावी, संमतिपत्रे मार्चअखेरपर्यंत द्यावीत, परीक्षा व अर्जांचे शुल्क निवडीची वाट न पाहता पात्र विद्यार्थ्यांना आगाऊ द्यावे, आणि वाशिमच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात या अर्जांची माहिती असलेला एक तरी माणूस नेमावा. यांतील सारे एकदम जमणार नसेल, तर निदान जाहिरातीची तारीख तरी बदलावी. तिला एक पैसाही लागत नाही.



आपला,
वाशिम जिल्ह्यातील एक अध्यापक