एकच रिव्हॉल्व्हर, दोन नियम

१८९५मध्ये झारच्या रशियन सैन्याने बेल्जियमच्या लिऑन नागां यांचं सात गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. डिझाइन भारीच! एरवी रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून गॅस निसटतो. इथे घोडा चढला की सिलिंडर पुढे सरकून ती फट बंद करतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हे हत्यार दोन प्रकारांत बनायचं. अधिकाऱ्याने नुसता चाप ओढला तरी गोळी सुटायची. साध्या शिपायाला मात्र दर वेळी आधी अंगठ्याने घोडा चढवावा लागायचा. का? तर तो घाईघाईत गोळ्या उधळेल म्हणून! शत्रू समोर असताना हा उशीर कुणाच्या जिवावर बेतणार, हे सांगायला नको.

क्रांतीनंतर शिपायांचं वेगळं मॉडेल बंद झालं आणि अधिकाऱ्यांचंच सगळ्यांसाठी बनू लागलं. म्हणजे अडचण तंत्राची नव्हतीच, विश्वासाची होती.

उद्या तुमच्यापैकी कुणी मशीन बनवेल, कुणी अ‍ॅप, कुणी कॉलेज फेस्टचे नियम. फीचर्स मोजाच, पण आपण कुणावर भरवसा ठेवलेला नाही, तेही एकदा तपासा.